पाताळेश्वरचा कातळ आणि मॉरिशसचे डोंगर: एका लहानशा बेटावर इतकी विविधता कशी?

पुण्यातली पाताळेश्वरची लेणी ज्या काळ्या कातळात कोरली आहेत, त्या कातळाला जन्म देणारी भट्टी आता महाराष्ट्राखाली नाही. ती हिंदी महासागरात, रेयुनियाँ नावाच्या बेटाखाली आहे. तिच्यातूनच सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचे लाव्हाचे थर बाहेर पडले आणि पुष्कळ नंतर मॉरिशस बेटही उभं राहिलं, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. म्हणून मॉरिशसला जाणाऱ्या पुणेकराला तिथले डोंगर समजून घेणं सोपं जातं. दगड ओळखीचा असतो, फक्त त्याचं वय आणि त्याच्यावर पडणारा पाऊस वेगळा असतो.

भूपृष्ठाच्या खूप खाली काही ठिकाणी तप्त द्रव्य सतत वर येत असतं. अशी जागा फारशी हलत नाही, पण तिच्यावरचा भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा मोठा तुकडा, सरकत राहतो. शिवणयंत्राची सुई जागच्या जागी राहते, कापड सरकतं आणि टाक्यांची रांग तयार होते, तसंच हे. भारताचा भूपट्ट उत्तरेकडे सरकत गेला तशी दख्खननंतर लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस यांच्या खालची समुद्रातली डोंगररांग तयार झाली. पुढे समुद्रतळ दुभंगणारी रेषाच त्या तप्त जागेवरून गेली. त्यामुळे मॉरिशस आणि रेयुनियाँ भारताच्या नाही, आफ्रिकेच्या भूपट्टावर आहेत. मॉरिशसचा ज्वालामुखी सुमारे ८० ते ९० लाख वर्षांपूर्वी समुद्रातून वर आला आणि आता तो शांत आहे. रेयुनियाँ तिथून साधारण सव्वादोनशे किलोमीटरवर आहे, आणि तिथला पितों द ला फुर्नेज आजही वारंवार लाव्हा ओकतो.

मॉरिशसचं मुख्य बेट १,८६५ चौरस किलोमीटरचं, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या साधारण आठव्या हिश्शाएवढं. दक्षिणोत्तर ६५ आणि पूर्वपश्चिम ४५ किलोमीटर. एवढ्याशा जागेत सुळक्यांचे डोंगर, धुक्याचं पठार, सपाट उसाची राने, दऱ्या, रंगीत मातीचे उंचवटे, दलदल, कांदळवन, पांढरी वाळू आणि काळे तुटलेले कडे असं सगळं आहे. हे सगळं समजून घ्यायला उभे असाल तिथे दोन प्रश्न विचारावेत: पायाखालची लाव्हा किती जुनी, आणि वारा कुठल्या बाजूने येतो? किनाऱ्यावर असाल तर तिसरा प्रश्न: समोर प्रवाळाची भिंत आहे की नाही?

लाव्हाचे तीन काळ

पहिल्या काळात एक मोठा, पसरट, ढालीच्या आकाराचा ज्वालामुखी तयार झाला. साधारण ५५ लाख वर्षांपूर्वी हा टप्पा संपला. मधला भाग खचला, बाकीचा पावसाने झिजला, आणि शिल्लक राहिले ते कडेचे तुकडे. आज बेटाच्या मध्याभोवती तुटक कड्यासारख्या ज्या डोंगररांगा दिसतात त्या याच: वायव्येला पोर्ट लुईमागची मोका रांग, आग्नेयेला ग्रँ पोर्टचे डोंगर, नैर्ऋत्येला ब्लॅक रिव्हर आणि सव्हानची रांग. शिखरं टोकदार आणि विचित्र आकारांची आहेत, कारण लाखो वर्षं मऊ भाग वाहून गेला आणि घट्ट गाभा उरला. पीटर बोथच्या (८२० मीटर) टोकावर माणसाच्या डोक्यासारखा भलामोठा धोंडा बसलेला दिसतो, तो याच झिजेचा परिणाम. सर्वात उंच शिखर ब्लॅक रिव्हर रांगेतलं, ८२८ मीटर.

सह्याद्रीची सवय असलेल्याला हे आकडे किरकोळ वाटतात आणि तिथेच फसगत होते. सिंहगड १,३०० मीटरहून उंच आहे, पण त्याची चढाई पुण्याच्या पठारावरून सुरू होते. ल मॉर्न ब्राबाँ हा नैर्ऋत्य टोकावरचा डोंगर ५५६ मीटरचाच, पण तो जवळजवळ समुद्रसपाटीपासून चढायचा असतो. जाऊन-येऊन साधारण सात किलोमीटर, तीन ते चार तास. पहिला अर्धा भाग रुंद मातीच्या रस्त्याचा आहे. त्यानंतर खडक हातांनी धरून चढावं लागतं. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर हा दुसरा भाग करू नये, कारण ओल्या बेसॉल्टवर, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या या काळ्या कातळावर, शेवाळ धरतं आणि उतरताना पाय सुटतो. माणशी दोन लीटर पाणी घ्यावं आणि सकाळी फाटक उघडताच निघावं. नऊनंतर त्या उघड्या कड्यावर सावली शोधून सापडत नाही. गुलामगिरीतून पळालेल्या माणसांनी या डोंगरावर आसरा घेतला होता. २००८ मध्ये तो जागतिक वारसा यादीत आला. मॉरिशसचं राष्ट्रीय फूल, लालसर घंटेसारखं ट्रोकेशिया, नैसर्गिकरीत्या फक्त याच डोंगरावर उगवतं, म्हणून वाट सोडून झुडपांत शिरू नये.

दुसरा आणि तिसरा काळ या जुन्या सांगाड्याच्या आत आणि भोवती घडला. सुमारे ३५ लाख वर्षांपूर्वी लाव्हा पुन्हा वाहू लागली, मध्ये विश्रांती झाली, आणि शेवटचे प्रवाह काही दहा हजार वर्षांपूर्वीपर्यंत येत राहिले. या लाव्हा पातळ होत्या. त्या फार वर साचल्या नाहीत, डोंगरांच्या मधल्या खिंडींतून समुद्राकडे पसरल्या. मधलं पठार आणि उत्तरेचं सपाट मैदान त्यांनीच घडवलं. त्यांची मुखं बेटाच्या मध्यातून उत्तर-ईशान्य ते दक्षिण-नैर्ऋत्य अशा रेषेत आहेत. क्यूरपीप शहरातलं त्रू ओ सेर्फ हे त्यातलं सर्वात सहज बघता येणारं: तीनेकशे मीटर रुंदीचं, झाडीने भरलेलं, तळाशी थोडं पाणी साचलेलं विवर. काठावरून चालत फेरी मारता येते आणि मोका रांगेचे सुळके एका ओळीत दिसतात. गंगा तलाव हाही असाच विवरात साचलेला तलाव आहे. महाशिवरात्रीला तिथे बेटभरातून लोक पायी येतात. त्या आठवड्यात पठारावरचे रस्ते तुडुंब असतात, हे फिरण्याचा बेत आखताना लक्षात ठेवावं.

तरुण लाव्हा सच्छिद्र आणि भेगाळलेली असते. पाऊस पडला की पाणी सरळ खाली मुरतं, म्हणून उत्तरेच्या मैदानात नद्या जवळजवळ नाहीत आणि उसाला पाणी द्यावं लागतं. काही ठिकाणी प्रवाहाचा वरचा थर थंड होऊन घट्ट झाला आणि आतली लाव्हा पुढे निघून गेली. तिथे लांब पोकळ बोगदे राहिले. उसाच्या शेतांत मध्येच दगडांचे पिरॅमिडसारखे ढीग दिसतात. ते स्मारक वगैरे नाहीत. नांगर चालावा म्हणून शेतमजुरांनी पिढ्यान्‌पिढ्या हातांनी वेचून रचलेले ते लाव्हाचे धोंडे आहेत, आणि त्या मजुरांपैकी पुष्कळ जण भारतातून गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, गेलेले होते. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडून गेलेल्यांचे मराठी वंशज आजही बेटावर आहेत. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते.

दक्षिणेला सुयाकजवळ रॉचेस्टर धबधबा आहे. उंची फार नाही, पण पाण्यामागचा खडक उभ्या चौकोनी-षटकोनी खांबांचा आहे. जाड लाव्हा सावकाश थंड होताना आकसते आणि तिला अशा उभ्या भेगा पडतात. अंधेरीचं गिल्बर्ट हिल ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे लगेच ओळखू येईल.

एक वेगळी गोष्ट इथेच सांगायला हवी. या तरुण बेटावरच्या खडकात झिरकॉन नावाच्या खनिजाचे असे कण सापडले आहेत जे ३०० कोटी वर्षांपर्यंत जुने आहेत. बेट ९० लाखांचं आणि त्यातला कण ३०० कोटींचा, याचा अर्थ बेटाखाली एखाद्या प्राचीन भूखंडाचा बुडालेला तुकडा असावा आणि वर येणाऱ्या लाव्हाने त्याचे कण सोबत आणले असावेत. हे संशोधन २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं.

शामारेलची माती रंगीत का?

मॉरिशसला जाणारा प्रत्येक मराठी गट शामारेलची सात रंगांची माती बघतो आणि बहुतेकांना कारण कळत नाही. रंग कुणी टाकलेले नाहीत, ज्वालामुखीतून रंगीत राखही पडलेली नाही. उष्ण आणि भरपूर पावसाच्या हवेत बेसॉल्ट कुजत जातो. पाणी त्यातलं सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बरीचशी सिलिका विरघळवून नेतं. जे सहजासहजी विरघळत नाही ते मागे राहतं: लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं. लोहामुळे लाल, तपकिरी आणि पिवळ्या छटा येतात. निळसर-जांभळ्या छटा ॲल्युमिनियमयुक्त भागाकडे जातात. शेजारच्या लालामुळे त्या डोळ्याला आणखी निळ्या भासतात.

पाचगणीचं टेबललँड ज्या जांभ्याने झाकलं आहे, तो याच रासायनिक क्रियेतून आला. फरक असा की जांभा उघडा पडला की कडक होतो, घरं बांधण्याइतका. शामारेलची माती मऊ राहिली आणि पावसाने तिच्यात गोल घळी पाडल्या. तिथे गवत का नाही, याचंही उत्तर त्याच झिजेत आहे: झाडांना लागणारी जवळजवळ सगळी पोषकद्रव्यं वाहून गेली आहेत.

दुपारी बारा वाजता सगळं एकसारखं विटकरी दिसतं आणि लोक निराश होऊन परततात. सूर्य तिरपा असताना जावं, शक्यतो सकाळी पहिल्या तासात. रात्री सर पडून गेली असेल तर उत्तम, ओल्या मातीचे रंग गडद होतात. कठड्यापलीकडे पाय टाकू नये. एका पावलाचा ठसा पुसायला पुष्कळ पाऊस लागतो. शामारेलचा धबधबा त्याच आवारात आहे, दोन्ही एका फेरीत होतात.

वाऱ्याची बाजू

बेट २० अंश दक्षिण अक्षांशावर आहे. वर्षाचा बराच काळ तिथे आग्नेयेकडून वारा वाहतो. तो समुद्रावरून ओल घेऊन येतो, पठारावर चढताना थंड होतो आणि तिथे पाऊस टाकतो. पलीकडे उतरताना त्याच्याजवळ फारसं काही उरत नाही. मधल्या पठाराच्या उंच भागात वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या आसपास, तर पश्चिम किनाऱ्यावर ९०० मिलिमीटरहूनही कमी. ताम्हिणीत धो-धो कोसळत असताना कोथरूडमध्ये नुसतं भुरभुरतं, हे जाणणाऱ्याला आणखी समजावण्याची गरज नाही. दिशा मात्र उलटी धरायची: आपल्याकडे घाटाचा पश्चिम उतार ओला असतो, तिथे पूर्व आणि आग्नेय.

याचा व्यवहारात अर्थ असा. पश्चिमेला फ्लिक अँ फ्लाकच्या किनाऱ्यावर कडक ऊन असताना तासाभराच्या आत क्यूरपीपमध्ये धुकं आणि पाऊस मिळू शकतो, आणि तापमान चार-पाच अंशांनी उतरतं. पठारावर जाताना पातळ जाकीट आणि रेनकोट गाडीत असावा. ऋतूही उलटे आहेत. मे ते ऑक्टोबर हा तिथला हिवाळा. या महिन्यांत वारा जोरात असतो आणि पूर्व किनाऱ्यावरची पाणी, बोट, स्नॉर्केलिंग ही सगळी मजा त्यामुळे बिघडते. जुलै-ऑगस्टमध्ये स्वस्त मिळालं म्हणून पूर्व किनाऱ्यावरच्या 'बेल मार' इथे आठवडाभराचं हॉटेल घेणं ही पुण्याहून जाणाऱ्यांची सर्वात नेहमीची चूक. त्या काळात पश्चिम किंवा वायव्य किनारा घ्यावा. जानेवारी ते मार्च उष्ण आणि पावसाळी, तेव्हा उलट पूर्वेचा वारा बरा वाटतो.

दिवाळीची सुट्टी सगळ्यात चांगली. ऑक्टोबर हा बेटावरच्या सर्वात कोरड्या महिन्यांपैकी, आणि तोवर पाणीही उबदार होऊ लागतं. नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा काळ. इशारे एक ते चार अशा पातळ्यांचे असतात. तीनला बससेवा, दुकानं, सगळं बंद होतं. चार म्हणजे ताशी १२० किलोमीटरचे झोत प्रत्यक्ष नोंदले गेले आहेत. तीनचा इशारा लागण्याच्या आत हॉटेलवर परतावं.

जंगल, जे फार थोडं उरलं आहे

डोंगरावर सगळीकडे हिरवं दिसतं आणि ते जंगल आहे असं वाटतं. त्यातलं बरंच मूळचं नाही. डच, फ्रेंच आणि ब्रिटिश यांच्या काळात आबनूस तोडला गेला, ऊस आला, जहाजांतून उंदीर, माकडं, डुकरं आणि हरणं आली. चांगल्या स्थितीतलं मूळ अरण्य आता बेटाच्या दोन टक्क्यांहूनही कमी आहे. डोडो सतराव्या शतकातच गेला.

आज सर्वात मोठा शत्रू दिसायला गोड आहे: लाल, बोराएवढ्या फळांचा चिनी पेरू. तिथले लोक तिखटमीठ लावून तो आवडीने खातात. पण त्याची दाट वाढ मूळ झाडांच्या रोपांना प्रकाशच मिळू देत नाही. माकडं आणि डुकरं त्याचं बी पसरवतात. उपाय एकच, कष्टाचा: काही तुकड्यांना कुंपण घालायचं आणि पेरू हातांनी उपटत राहायचं. थांबलं की काही वर्षांत सगळं पुन्हा भरतं.

तरीही इथे आशेला भक्कम आधार आहे. १९७४ मध्ये मॉरिशसचा खरुची, म्हणजे तिथला छोटा ससाण्यासारखा शिकारी पक्षी, फक्त चार उरले होते. गुलाबी कबूतर १९९० च्या सुमारास जंगलात दहाच्या आसपास होतं. अंडी उबवून पिल्लं वाढवणं, घरट्यांच्या पेट्या, वरचं अन्न आणि उंदरांचा बंदोबस्त असं दशकानुदशकं काम झालं, आणि आज दोन्हींची संख्या शेकड्यांत आहे. जीवशास्त्रज्ञ कार्ल जोन्स यांचं नाव या कामात सर्वात पुढे घ्यायला हवं.

हे बघायचं तर ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानात जावं. १९९४ मध्ये ते जाहीर झालं, क्षेत्र साधारण ६७ चौरस किलोमीटर. वर पेत्रँपासून माशाबे जंगलातून खाली ब्लॅक रिव्हरच्या केंद्राकडे येणारी वाट सुमारे दहा किलोमीटरची, चार तासांची. ती वरून खालीच करावी. गाडी मात्र खालच्या टोकाला मागवून ठेवावी लागते, नाहीतर उतरून झाल्यावर वर परत जायला काहीच मिळत नाही. दरीचं दृश्य बघायला सकाळी दहाच्या आत पोचावं, नंतर ढग चढतात. माकडांना खायला देऊ नये. ती दुर्मीळ पक्ष्यांची अंडी खातात, आणि माणसाकडून मिळणाऱ्या अन्नावर त्यांची संख्या वाढते.

मूळ किनारी जंगल कसं होतं ते बघायला आग्नेय किनाऱ्यावरच्या मायबूरजवळचं इल ओ एग्रेत हे २६ हेक्टरांचं बेट आहे. हा लाव्हाचा नाही, प्रवाळी चुनखडीचा तुकडा. तिथे वाटाड्याबरोबरच जाता येतं. नामशेष झालेल्या स्थानिक कासवांच्या जागी अल्दाब्राची महाकाय कासवं सोडली आहेत. ती फळं खातात आणि बिया दूरवर टाकतात, आणि आबनुसाचं जंगल पुन्हा उभं राहायला मदत होते.

पांढरी वाळू कुठून आली?

काळ्या खडकाच्या बेटावर वाळूही काळीच हवी. ती पांढरी आहे, कारण ती खडकाची नाहीच. प्रवाळ, शिंपले आणि चुना साठवणारं शेवाळ यांचा तो चुरा आहे. त्यातला काही भाग पोपटमाशाने प्रवाळ कुरतडून विष्ठेतून टाकलेला असतो. बेटाभोवती सुमारे १५० किलोमीटर लांबीची प्रवाळभिंत आहे. मोठ्या लाटा तिच्यावर फुटतात आणि आतल्या उथळ पाण्यात फक्त उरलासुरला जोर पोचतो. भिंत जगली तर वाळू तयार होते आणि टिकते. पाणी तापून प्रवाळ पांढरा पडून मेला, की किनारा खचू लागतो. किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडांची मुळं उघडी पडलेली दिसली तर तिथे वाळू निघून चालली आहे असं समजावं.

नदीचं गोडं पाणी आणि गाळ प्रवाळाला सोसत नाही. म्हणून नद्यांच्या मुखासमोर भिंतीत खिंडी असतात. बोटी तिथूनच ये-जा करतात. पोहणाऱ्याने मात्र तिथे जाऊ नये. ओहोटीला आतलं सगळं पाणी त्या अरुंद वाटेने बाहेर धावतं आणि चांगल्या पोहणाऱ्यालाही ओढून नेतं. ल मॉर्नसमोर 'पाण्याखालचा धबधबा' म्हणून जो फोटो फिरतो, तो अशाच जागेचा: प्रवाहाने ओढली जाणारी वाळू आणि गाळ खोल पाण्याच्या काठावर पसरतात आणि वरून पाणी कोसळल्यासारखं दिसतं. ते हेलिकॉप्टर किंवा छोट्या विमानातूनच नीट दिसतं. बोटीतून 'दाखवतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत.

दक्षिणेला ग्री ग्रीपाशी ही भिंत तुटते. समुद्र थेट कड्यावर आदळतो, वाळू कमी आणि काळे कडे जास्त. ती जागा बघायची आहे, उतरायची नाही. एखादी मोठी लाट शांत वाटणाऱ्या खडकावरूनही माणसाला ओढते.

बाकीच्या किनाऱ्यांवर पाण्यात रबरी तळाचे बूट घालावेत. समुद्री साळी आणि दगडासारखा दिसणारा विषारी दगडमासा, दोन्ही तळाशी असतात. दगडमाशाचा काटा रुतला तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवावा, वेदना कमी होते, आणि लगेच दवाखाना गाठावा. सनस्क्रीनपेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा बरा, त्वचेसाठीही आणि प्रवाळासाठीही.

२५ जुलै २०२० रोजी वाकाशिओ हे मालवाहू जहाज आग्नेयेच्या प्रवाळावर चढलं आणि सुमारे हजार टन तेल मायबूर आणि इल ओ एग्रेतच्या परिसरात सांडलं. तेल अडवायला गावकऱ्यांनी उसाच्या पाचटाचे लांब लोड शिवले आणि समुद्रात सोडले.

मुक्काम एकाच हॉटेलात ठेवू नये. मुंबईहून विमान सहा-साडेसहा तासांत आग्नेय टोकाशी उतरतं, म्हणून पहिल्या किंवा शेवटच्या दोन रात्री मायबूर-ब्लू बेकडे घ्याव्यात: इल ओ एग्रेत, कांदळवन आणि ग्री ग्री इथून होतं. उरलेल्या चार रात्री नैर्ऋत्येला, ल मॉर्न किंवा तामारँच्या आसपास: शामारेल, दऱ्या, गंगा तलाव अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरात येतात. उत्तरेला एक दिवस पुरतो. गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालते, अंतरं लहान आहेत, पण पठारावरच्या धुक्यात आणि वळणांत वेळ जातो. म्हणून डोंगराची ठिकाणं सकाळी, समुद्र दुपारनंतर, असा क्रम ठेवावा.